नागरी बँकेची सायबर पातळी आणि संगणकांची वर्गवारी: जानेवारी ते एप्रिल २०२०च्या कामाच्या नोंदी

आमची नागरी सहकारी बँक तालुक्याच्या गावची. मुख्य कार्यालय आणि मोजक्या शाखा. सीबीएस (सगळ्या शाखांची खाती सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) विक्रेत्याच्या डेटा सेंटरवर, आरटीजीएस-एनईएफटी प्रायोजक बँकेमार्फत, म्हणजे जिच्या जोडणीवरून आम्ही पैसे पाठवतो तिच्यामार्फत. एटीएमचा स्विचही (एटीएमचे व्यवहार मंजुरीसाठी पाठवणारी यंत्रणा) त्या बँकेचाच. आयटी विभाग म्हणजे मी आणि एक सहायक. एवढ्याच आकाराच्या बँकेत रिझर्व्ह बँकेच्या सायबर सुरक्षेच्या नियमांचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी या नोंदी. बँकेचं आणि विक्रेत्याचं नाव मुद्दाम टाळलंय.

३ जानेवारी, शुक्रवार

रिझर्व्ह बँकेचं ३१ डिसेंबरचं परिपत्रक हातात आलं. १९ ऑक्टोबर २०१८च्या परिपत्रकात किमान नियंत्रणं सगळ्या नागरी बँकांना सरसकट होती. आता त्यावर चार पातळ्या चढल्यात. पहिली सगळ्यांनाच. केंद्रीय पेमेंट प्रणालींची (आरटीजीएस, एनईएफटी) उपसदस्य, म्हणजे दुसऱ्या बँकेमार्फत जोडलेली, असून जी बँक इंटरनेट बँकिंग देते, स्मार्टफोनच्या ॲपवर मोबाइल बँकिंग देते किंवा सीटीएस (धनादेशांच्या प्रतिमांवरून क्लिअरिंग), आयएमपीएस, यूपीआयची थेट सदस्य आहे, ती दुसरीत. पेमेंट प्रणालीचं थेट सदस्यत्व, स्वतःचा एटीएम स्विच, स्विफ्टची (परदेशी बँकांशी व्यवहारांचे संदेश देण्याघेण्याच्या जाळ्याची) जोडणी, यातलं एक जरी असलं तरी तिसरी. स्विच आणि स्विफ्ट दोन्ही असतील, किंवा इतर बँकांना डेटा सेंटर वा सॉफ्टवेअरची सेवा देत असाल, तर चौथी. ४५ दिवसांत आपली पातळी आपणच ठरवून प्रादेशिक कार्यालयाला कळवायची आहे.

या पातळ्यांत ठेवी किती, शाखा किती, हे कुठेच विचारलेलं नाही. सरव्यवस्थापक साहेबांना ते खटकलं. "मोठ्या बँकांचं लचांड आपल्या मागे कशाला?" म्हणाले. मग ऑगस्ट २०१८मधलं कॉसमॉसचं प्रकरण काढलं. एटीएम स्विचला बगल देऊन बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले, पाठोपाठ स्विफ्टमधून हाँगकाँगला जवळजवळ १४ कोटी गेले, एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. चोर स्विच आणि स्विफ्ट या दोन दारांनी आले, आणि परिपत्रकाच्या वरच्या पातळ्यांत हीच दोन नावं आहेत. कोण किती मोठा यापेक्षा कोणाला किती दारं, हा हिशेब आहे. साहेब गप्प झाले, पण पटलं असं म्हणणार नाही.

वरवर पाहता आम्ही पहिल्या पातळीत बसतो. वरवर यासाठी म्हणतो की एम-पासबुक या आमच्या मोबाइल ॲपचं काय करायचं ते कळत नाही. त्याचं पुढे.

७ जानेवारी, मंगळवार

२०१८च्या परिपत्रकाप्रमाणे आयटी मालमत्तेची नोंदवही आहे. म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची वही) एक्सेलमध्ये उतरवलेलं आहे. मॉनिटर, सीपीयू, अनुक्रमांक, खरेदीची तारीख. 'महत्त्व' या रकान्यात सर्व्हर उच्च, पीसी मध्यम, प्रिंटर कमी. बिलाची रक्कम बघून महत्त्व भरलंय हे उघड आहे. मुख्य कार्यालयातला एक जुना पीसी 'मध्यम, बदली प्रस्तावित नाही' असा नोंदलेला आहे. त्याच पीसीवरून रोजचे सगळे आरटीजीएस जातात.

म्हणून यंत्रांची यादी बाजूला ठेवून कामांची यादी केली: काउंटरवरची जमा-नावे, आरटीजीएस पाठवणं, क्लिअरिंग, पिग्मी, सोनेतारणाचं मूल्यांकन, सह्यांचे नमुने, केवायसीचे कागद, पगारपत्रक, रिझर्व्ह बँकेला जाणारी विवरणपत्रं, सीसीटीव्ही. प्रत्येक कामासमोर त्यातली माहिती, आणि मग ती माहिती कोणत्या यंत्रावर राहते किंवा कोणत्या यंत्रातून जाते.

पद्धत अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या फिप्स १९९ या २००४च्या मानकातून घेतली. ते तिथल्या सरकारी खात्यांसाठी आहे, आपल्याला बंधनकारक नाही. पण सोपं आहे: माहितीच्या प्रत्येक प्रकाराला तीन प्रश्न विचारायचे. फुटली तर काय, कोणी बदलली तर काय, हवी तेव्हा मिळाली नाही तर काय. तिन्हींची उत्तरं कमी, मध्यम, उच्च यांतून. मग एका यंत्रणेत असलेल्या सगळ्या माहितीतलं जे सर्वांत वरचं उत्तर, ती त्या यंत्रणेची पातळी. त्या मानकातलं वीजकेंद्राचं उदाहरण मला फार उपयोगी पडलं: सेन्सरचे आकडे फुटले तर काही बिघडत नाही, पण बदलले किंवा वेळेवर आले नाहीत तर अनर्थ. गोपनीयता म्हणजेच सुरक्षा, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. ते डोक्यातून काढायला हे एक उदाहरण पुरतं.

१३ जानेवारी, सोमवार

विभागप्रमुखांना तक्ता पाठवला होता, भरून आला. सगळं उच्च! जावक रजिस्टरसुद्धा उच्च. ग्रंथपालाने सगळ्या पुस्तकांवर 'दुर्मीळ'चा शिक्का मारावा तसं झालं.

कारण विचारलं तेव्हा कळलं. 'कमी' लिहिलं तर आपल्या विभागाला नवा पीसी मिळणार नाही, असं चहाच्या टेबलावर ठरलं होतं. दुसरी अडचण खरी होती. 'गंभीर परिणाम' म्हणजे नेमकं काय, हे मानकात बँकेच्या भाषेत कुठे लिहिलंय? कर्ज विभागाला पन्नास हजारांची चूक किरकोळ वाटते, काउंटरला पाचशेचा फरक रात्रीची झोप घालवतो.

रुपयांत सीमा ठरवायचा प्रयत्न केला, त्यावर वादच वाद. शेवटी व्याख्या अशा केल्या. बिघाड शाखाधिकारी त्याच दिवशी शाखेतच निस्तरतो, तो कमी. सरव्यवस्थापकांना सांगावं लागतं आणि खातेदाराला खुलासा द्यावा लागतो, पण पैसे कुठे गेलेले नाहीत, तो मध्यम. बँकेच्या खिशातून भरपाई द्यावी लागते किंवा संचालक मंडळाची तातडीची सभा बोलवावी लागते, तो उच्च. 'कोणाला जाऊन सांगावं लागेल' हे प्रत्येकाला लगेच कळतं. तक्ता परत पाठवताना एक ओळ टाकली की यावर पीसीची खरेदी ठरणार नाही. दुसऱ्या वेळी आलेला तक्ता माणसांनी विचार करून भरलेला होता. सह्यांच्या नमुन्यांना क्लिअरिंगने गोपनीयतेत मध्यम आणि अचूकपणात उच्च दिलं, ते मला सुचलं नसतं. नमुना बदलला की खोटा धनादेश खरा ठरतो.

१४ जानेवारी, मंगळवार

विंडोज सेव्हनचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणं, आजपासून बंद. सर्व्हर २००८ आर-टूचाही. आमच्या निम्म्याहून जास्त पीसीवर सेव्हन आहे. पैसे भरून मुदतवाढ मिळते, पण दर दरवर्षी दुप्पट होत जातो. नवा पीसी ३५ हजारांच्या घरात. सगळे एकदम बदलायला मंजुरी मिळणार नाही, हे विचारायच्या आधीच ठाऊक होतं.

इथे नव्या तक्त्याचा पहिला उपयोग झाला. कोणते आधी बदलायचे? जुन्या वहीप्रमाणे गेलो असतो तर सर्वांत जुने आधी. तक्त्याप्रमाणे पहिला नंबर आरटीजीएसच्या पीसीचा.

तो पीसी आज नीट पाहिला. क्लिअरिंग विभागात कपाटाच्या आडोशाला. प्रायोजक बँकेच्या कॉर्पोरेट इंटरनेट बँकिंगचं पान होमपेज केलेलं, शेजारच्या टॅबवर टीडीएसची साइट, तिसऱ्या टॅबवर रेल्वे आरक्षण. मेकर (व्यवहार भरणारा) आणि चेकर (तो तपासून मंजूर करणारा) दोघेही याच पीसीवरून, एकाच विंडोज लॉगिनमध्ये काम करतात. चेकरचा पासवर्ड ड्रॉवरमधल्या आरटीजीएस फॉर्मच्या गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "चेकर साहेब रजेवर असले की काम थांबत नाही ना, म्हणून." सोय बरोबरच आहे त्यांची. पण मग 'दोन माणसांची मंजुरी' हे आमचं सर्वांत मोठं नियंत्रण कागदावरच होतं.

त्याच संध्याकाळी निर्णय: चेकरला स्वतंत्र पीसी, दोन्ही पीसी नवे, त्यांवर प्रायोजक बँकेचं संकेतस्थळ सोडून बाकी सगळं बंद, पर्यायी चेकर म्हणून दुसरा अधिकारी नेमून त्याला स्वतःचं लॉगिन. रेल्वे आरक्षणासाठी इंटरनेटचा वेगळा पीसी, जो बँकेच्या नेटवर्कला जोडलेलाच नाही. हे शेवटचं २०१८च्या परिपत्रकातच होतं, आणि आम्ही अनुपालन अहवालात 'होय' लिहिलं होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

पेन ड्राइव्ह बंद करायचा आदेश काल सगळ्या शाखांना लागू केला. आज संध्याकाळी पिग्मी बंद पडली.

पिग्मी एजंटकडे हातातलं मशीन असतं. सकाळी शाखेत खातेदारांची नावं आणि शिल्लक त्यात भरायची, दिवसभर बाजारपेठेत वसुली, संध्याकाळी मशीन पीसीला जोडून जमा उतरवायची. मशीन जोडलं की विंडोजला ते पेन ड्राइव्हच वाटतं. एजंट काका काउंटरवर रोख घेऊन उभे, मागे रांग, आणि रक्कम खात्यावर चढत नाही. शाखाधिकाऱ्यांनी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

ठरावीक मशीनच्या अनुक्रमांकांना परवानगी देऊन तासाभरात मार्ग काढला. पण त्या निमित्ताने मधली फाइल उघडून पाहिली. साधी मजकुराची फाइल: खाते क्रमांक, तारीख, रक्कम. नोटपॅडमध्ये उघडते, नोटपॅडमध्ये बदलते. दोन आकडे इकडचे तिकडे केले तर बेरीज जुळते, रोख जुळते, आणि एका भाजीवाल्या मावशींची जमा दुसऱ्याच्या खात्यावर. तक्त्यात पिग्मी मध्यम होती, ती अचूकपणात उच्च केली. विक्रेत्याकडे फाइलला तपासणी-अंक (आतले आकडे बदलले तर न जुळणारा अंक) लावायची मागणी नोंदवली. ते येईपर्यंत भरपाईचा उपाय: दर आठवड्याला काही खाती निवडून मशीनमधली पावती आणि खात्यावरची जमा ताडून पाहायची, आणि ते काम पिग्मीशी संबंध नसलेल्या माणसाने करायचं. खर्च शून्य, कटकट भरपूर.

२९ जानेवारी, बुधवार

पातळीवर संचालक मंडळाची बैठक. एम-पासबुक ॲपमध्ये खातेदाराला फक्त शिल्लक आणि नोंदी दिसतात, पैसे पाठवता येत नाहीत. विक्रेत्याने ते सीबीएससोबत फुकट दिलं होतं, आणि गेल्या वार्षिक सभेत त्याची जाहिरातही झाली. बहुतेकांचं मत, "नुसतं बघायचं तर आहे, पहिली पातळीच लिहा." दुसऱ्या पातळीचा खर्च त्यांना दिसत होता: महत्त्वाच्या प्रणालींची तज्ज्ञांकडून भेद्यता चाचणी (कुठून घुसता येतं याची तपासणी), डेटा बाहेर जाऊ नये यासाठीची व्यवस्था, बरंच काही.

मी वाद घातला नाही. परिपत्रकातलं इंटरनेट बँकिंगचं कलम वाचून दाखवलं. त्यात व्यवहाराचं असो की नुसतं बघण्याचं, दोन्ही धरलंय. त्यावर एक संचालक, पेशाने वकील, म्हणाले, "मग प्रश्न मिटला. आपण ॲप बंद तरी करा किंवा दुसरीत तरी जा." ॲप बंद करायला कोणी तयार होईना. दुसरी पातळी ठरली.

सोपी पातळी लिहून मोकळं होण्याचा मोह फार असतो. अनेकजण तसं करतील असं वाटतं. पण विक्रेत्याने फुकट दिलेल्या सोयी एकदा तपासून पाहा. बँकेची पातळी त्यांच्यातच लपलेली असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

नियंत्रणांची निवड. तीन थर केले. तळाला दोन्ही परिपत्रकांतली सक्तीची नियंत्रणं, ती सगळीकडे. वर, ज्या यंत्रणा आमच्या तक्त्यात उच्च ठरल्या त्यांना जादा. तिसरा थर सूट आणि भरपाईचा: जिथे नियंत्रण लावणं शक्य नाही तिथे कारण, पर्याय, मंजुरी देणाऱ्याची सही आणि सूट संपायची तारीख. तारीख नसलेली सूट नोंदवायची नाही, हा नियम साहेबांनीच घातला.

जादा थरासाठी निस्टची ८००-५३ ही सुरक्षा नियंत्रणांची यादी उघडली आणि दोन दिवस त्यात बुडालो. शेकडो नियंत्रणं. आमच्यासारख्या बँकेने ती यादी पहिल्यापासून वाचू नये. उच्च ठरलेल्या एकेका यंत्रणेपाशी 'इथे कोणता प्रश्न उच्च आला' ते बघावं आणि तेवढ्यासाठी यादीत शिरावं. आरटीजीएसमध्ये अचूकपणा उच्च, म्हणून मंजुरीची विभागणी, नोंदी, सुटसुटीत पीसी. सीसीटीव्हीत गोपनीयता मध्यम, बाकी कमी. तिथे वेगळं नेटवर्क आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणं, बस.

डेटा सेंटरची दारं, वीज, अग्निशमन ही विक्रेत्याची नियंत्रणं. ती 'वारशाने मिळालेली' म्हणून नोंदवली, पण करारात त्यांची जबाबदारी कुठे लिहिलीय ते शोधलं तर सापडेना. करार पुन्हा करायला घेतला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सीबीएसच्या लॉगिनला पासवर्डच्या जोडीला दुसरा घटक. परिपत्रकाला तो दर वेळी बदलणारा हवाय. विक्रेत्याने मोबाइलवर ओटीपी सुचवला. चाचणी ज्या शाखेत घेतली ती बाजारातल्या जुन्या इमारतीच्या तळघरात, रेंजच नाही. कॅशियर ओटीपीसाठी जिना चढून रस्त्यावर, काउंटर रिकामा. त्याच दिवशी गुंडाळलं.

मग ॲपमधला कोड, दर ३० सेकंदांनी बदलणारा, त्याला नेटवर्क लागत नाही. ॲप फुकट, सीबीएसला जोडायचे पैसे विक्रेत्याने वेगळे घेतले. सगळीकडे चाललं, एका शाखेत मात्र एका क्लार्कचा कोड काही केल्या लागेना. ॲप काढून टाकलं, पुन्हा नोंदणी केली, विक्रेत्याकडे तक्रार गेली, अर्धा दिवस खलास. शेवटी सहायकाने मोबाइल शेजारी शेजारी धरले. त्या क्लार्कने मोबाइलचं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलेलं होतं, एसटी चुकू नये म्हणून. कोड वेळेवरून बनतो, तेव्हा तो पाच मिनिटांनंतरचा कोड दाखवत होता. आता सूचनापत्रकात पहिलीच ओळ: घड्याळ आपोआप वेळ घेणारं ठेवा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बँकेच्या स्वतःच्या डोमेनवर मेल. आतापर्यंत शाखा फुकटच्या मेलवरून विवरणपत्रं पाठवत होत्या. मेल सेवा देणाऱ्याने डीमार्कचं धोरण (आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं हे समोरच्या सर्व्हरला सांगणारं) पहिल्याच दिवशी 'नाकारा' असं लावलं. दुसऱ्या दिवसापासून खातेदारांची ई-स्टेटमेंट जाईनात, कारण ती विक्रेत्याच्या सर्व्हरवरून आमच्या नावाने जातात आणि तो सर्व्हर एसपीएफच्या, म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायला परवानगी असलेल्या सर्व्हरच्या, यादीत नव्हता. आधी 'फक्त अहवाल' ठेवून कोण कोण आपल्या नावाने मेल पाठवतंय ते पाहा, मग कडक करा. आम्ही आता तसंच मागे आलोय.

६ मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळी येस बँकेवर स्थगिती, म्हणजे पैसे काढण्यावर निर्बंध, आली आणि रात्रीपासून फोनपे बंद. फोनपेची भागीदार तीच बँक होती. सकाळी साहेबांनी बोलावून विचारलं, "आपली प्रायोजक बँक अशी अडकली तर?"

आमच्या नोंदवहीत प्रायोजक बँक नव्हतीच. वायर, राउटर, यूपीएस सगळं होतं. ज्या एका जोडणीवर आरटीजीएस, एनईएफटी आणि एटीएम तिन्ही चालतात, ती सेवा असल्यामुळे कोणाच्या यादीत आली नाही. आज तिची ओळ वाढवली, उपलब्धता उच्च. नियंत्रण काय लावणार? दुसऱ्या प्रायोजकाशी बोलणी सुरू करण्याचा प्रस्ताव, आणि तोवर खातेदारांना सांगायच्या मजकुराचा मसुदा. याहून जास्त आमच्या हातात नाही.

२५ मार्च, बुधवार

गुढीपाडवा. मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी, बँका चालू. चेकर अधिकारी गावी अडकले. त्यांनी घरून आरटीजीएस मंजूर करायची परवानगी मागितली, साहेबही तयार होते. तक्त्यात ही यंत्रणा अचूकपणात उच्च, आणि रिमोट जोडणी मुळात बंद ठेवायचा नियम. नकार दिला. पर्यायी चेकर जानेवारीतच नेमलेला होता, त्याच्यावर काम निभावलं. घरून काय चालेल तेही त्याच तक्त्यावरून ठरवलं: विवरणपत्रांचे मसुदे, पत्रव्यवहार. सीबीएस नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला मुदत कर्जांचे १ मार्च ते ३१ मे दरम्यानचे हप्ते पुढे ढकलायला परवानगी दिली. विक्रेत्याने त्यासाठी सीबीएसमधला बदल (पॅच) दोन दिवसांत पाठवला आणि आज रात्री डे-एंडनंतर (दिवसाचे व्यवहार बंद केल्यावर) थेट लावतो म्हणाला. आजवर असंच चालत आलंय.

आता कर्जाचे नियम बदलणारा कुठलाही पॅच आधी चाचणीच्या प्रतीवर, कारण सीबीएसचा हा भाग उच्च. विक्रेता वैतागला, "सगळ्या बँकांना हाच दिलाय." प्रतीवर लावला. कर्ज विभागाने काही खाती काढून पाहिली, ती ठीक. मग ठेव विभागाच्या मॅडमनी सहज रिकरिंगचं (दरमहा हप्ता भरायच्या ठेवीचं) एक खातं उघडलं. रिकरिंगचे हप्तेही जूनपर्यंत ढकलले गेले होते. पॅचमध्ये 'हप्ता' असलेल्या सगळ्या योजना घेतल्या होत्या, कर्ज आणि ठेव असा फरकच नव्हता.

पॅच परत पाठवलाय, सोबत दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट. नवा सोमवारी येईल असं म्हणतायत. तोपर्यंत शाखांना हाताने यादी करायला सांगितली आहे: कोणाला सवलत हवी, कोणाला नको.